कवचाच्या आत आणि कवचाबाहेर

मंडळी, माझ्यासमोर दोन बश्या आहेत. एकीत आजचं ताजं अंडं फोडते, दुसरीत तीन आठवडे फ्रीजमध्ये राहिलेलं. पुढे बसलेल्यांना नीट दिसेल. पहिल्या बशीत बलक उंच, टच्च बसलाय. भोवतीचं पांढरं घट्ट आहे आणि जरासं धुरकट. दुसऱ्या बशीत पांढरं पाण्यासारखं कडेपर्यंत पसरलंय, बलकही चपटा झालाय. दोन्ही अंडी खाण्याजोगी आहेत. या तीन आठवड्यांत कवचातून काय निसटून गेलं, तेवढाच काय तो फरक.

कवचाला छिद्रं असतात, एकेका अंड्याला ७,००० ते १७,०००. आत पिल्लू वाढणार असेल तर त्याला हवा लागते, म्हणून ती सोय. पण त्याच वाटेनं आतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो. वायू गेला की पांढरं अधिक अल्कधर्मी होतं आणि पातळ पडतं. रुंद टोकाकडे हवेची पोकळी असते, ती मोठी होत जाते. म्हणून पाण्यात सोडल्यावर ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, जुनं उभं राहतं आणि फार जुनं तरंगतं. ही चाचणी अंड्याचं वय सांगते, ते नासलंय की नाही हे सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडा आणि वास घ्या. एका नासक्या अंड्यापायी आठ चांगली अंडी फेकून देताना फार जिवावर येतं.

कोंबडीनं घातलेल्या अंड्यावर एक अगदी पातळ नैसर्गिक थर असतो. तो छिद्रं बुजवून ठेवतो. अंडी आणली की लगेच धुवायची सवय अनेकांना असते, ती मोडा. धुतल्यानं तो थर जातो. त्यातून पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं पाणी जंतूंसकट आत ओढलं जातं. धुतलेलं अंडं थेट फ्रीजमध्येच गेलं पाहिजे. तिथंही दारातल्या खणात नको, कारण दार उघडलं की तिथलं तापमान वरखाली होतं. आत ठेवा, निमुळतं टोक खाली करून. म्हणजे हवेची पोकळी वर राहते आणि बलक मधोमध.

फ्रीज नव्हते तेव्हा लोक चुन्याच्या निवळीत अंडी ठेवत. लिटरभर पाण्याला साधारण ३० ग्रॅम विरवलेला चुना आणि त्यात न धुतलेली, तडा नसलेली ताजी अंडी. छिद्रं बुजत आणि अंडी कित्येक महिने राहत. युक्ती हुशारीची आहे, मला तिचं फार कौतुक आहे. पण साल्मोनेला हा अन्नातून विषबाधा करणारा जंतू कधीकधी कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरलेला असतो आणि बाहेरची निवळी त्याला काही करू शकत नाही. घरात फ्रीज असेल तर या वाटेला जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कवच फुटल्यानंतरचं. खरी नासाडी इथं होते. एखाद्या पदार्थाला नुसते बलक लागतात आणि पांढरं वाटीत पडून राहतं. पांढरं फ्रीजमध्ये झाकून चार दिवस राहतं; बलक दोनच दिवस, तोही वर थोडं पाणी घालून, नाहीतर साय धरतो. त्यापुढे ठेवायचं असेल तर फ्रीझर. पांढरं बर्फाच्या साच्यात घाला, एका कप्प्यात एकाचं. गोठलं की पिशवीत भरा, वर तारीख लिहा. वर्षभर चालतं, आणि वितळल्यावर छान फेटलंही जातं. फक्त भांड्याला तेलातुपाचा अंशही नको, फेस धरत नाही.

बलक मात्र नुसता गोठवला तर वितळूनही पातळ होत नाही, डिंकासारखा चिकट राहतो. म्हणून आधी चार बलकांना पाव छोट्या चमच्याच्या निम्मं मीठ घालून हलवा, गोडाला वापरायचे असतील तर दीड छोटा चमचा साखर. काय घातलंय ते डब्यावर लिहाच. अख्खं अंडं कवचासकट गोठवू नका, ते तडकतं. उकडलेलंही नको, पांढरं रबरासारखं होतं.

उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा जास्त टिकतं असं वाटतं ना? उलट आहे. उकळताना तो वरचा थर निघून जातो, म्हणून आठवड्याच्या आत संपवा.

व्हिनेगरमध्ये मुरवलेली अंडी बहुतेकांना आवडतात. व्हिनेगर, मीठ, आवडीचे मसाले उकळायचे आणि सोललेल्या उकडलेल्या अंड्यांवर गरम ओतायचे, अंडी पूर्ण बुडतील इतके. बरणी फ्रीजमध्ये. लहान अंड्यांना एक-दोन आठवडे लागतात, मोठ्यांना दोन ते चार. मुरायला घाई व्हावी म्हणून त्यांना टोचे मात्र मारू नका. १९९७ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एकानं घरी अशी टोचलेली अंडी मुरवली आणि बरणी बाहेरच ठेवली. टोच्यांतून बॉट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू बलकापर्यंत गेले असावेत. तिथं आम्ल पोचायला वेळ लागतो आणि हवा नसते, त्या जंतूंना हवं तसंच. तो माणूस गंभीर आजारी पडला. म्हणून बरणी फ्रीजमध्येच, यात तडजोड नको.

शेवटी माझ्या सगळ्यांत आवडीची कृती. पसरट डब्यात मीठ आणि साखर समप्रमाणात मिसळून बोटभर जाड थर द्या. त्यात चमच्याच्या पाठीनं खळगे करा. प्रत्येक खळग्यात एकेक बलक अलगद सोडा, फुटू देऊ नका. वरून तेच मिश्रण घालून पूर्ण झाका आणि आठवडाभर फ्रीजमध्ये विसरून जा. बलकात निम्मं पाणीच असतं, ते मीठ ओढून घेतं. बाहेर काढाल तेव्हा तो घट्ट, अर्धपारदर्शक, केशरी झालेला असेल. मीठ झटका, झटकन पाण्याखालून काढा, पुसा, आणि मंद ओव्हनमध्ये तास-दोन तास सुकवा. लहान मुलं, गरोदर बायका आणि आजारी माणसांना मात्र पूर्ण शिजलेलंच अंडं द्यावं.

असा एक बलक आणि किसणी मी आणली आहे. बशी पुढच्या रांगेतून फिरवते. बारीक किसा, चिमूटभर जिभेवर ठेवा, आणि मागच्यांसाठी थोडा शिल्लक ठेवा.