पाणी नेमकं कधी गळतं?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनची जागा ठरलेली असते, ड्राय बाल्कनी. नावच तेवढं ड्राय. एका रविवारी सकाळी मी तिथे पाऊल टाकलं आणि सपाता चिंब झाल्या. आमचं मशीन फ्रंट लोड, पुढे काचेचं गोल दार असलेलं. दाराखाली तळं साचलेलं. मी जन्मभर कारखान्यात फिटरचं काम केलेला माणूस. दाराला रबर आणि रबराखाली पाणी, म्हणजे रबर गेलं! निदानाला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

नवं रबर आणलं. मेकॅनिक मंडळी त्याला गॅस्केट म्हणतात, कुणी बेलो म्हणतात. ते बसवण्यात अख्खा रविवार गेला. बाहेरची तारेची रिंग स्क्रू ड्रायव्हरने उचलली की निघते, आतली मात्र घाम काढते. संध्याकाळी मोठ्या ऐटीत कपडे लावले. पंधरा मिनिटांत तळं पुन्हा हजर. घरातून कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हा आज जे सांगतोय, ते फजितीनंतर आलेलं शहाणपण आहे. पाणी कुठून गळतं हे शोधत बसू नका. ते कधी गळतं हे आधी बघा.

कारण जमिनीवरचं पाणी खोटं बोलतं. बाल्कनीच्या फरशीला जाळीकडे उतार असतो. मागे गळलेला थेंब पत्र्याच्या कडेने सरकत पुढे येतो आणि आपण दाराला दोष देतो. म्हणून फरशी कोरडी पुसा, मशीनखाली आणि भोवती वर्तमानपत्राचे कागद पसरा, टॉर्च घ्या, स्टूल घ्या आणि बसा. सोबत चहा असला तर उत्तम. कागदावर पहिला ओला ठिपका कधी आणि कोणत्या कोपऱ्यात उमटतो, तेवढंच बघायचं.

मशीन पाणी भरत असतानाच ठिपका आला, तर रबराचा संबंध बहुधा नसतो. मागे नळाच्या पाइपला जिथे आटे आहेत, तिथे बोट फिरवा. आतला वायसर कडक झाला की तिथून झिरपतं. दहा-वीस रुपयांचा वायसर बदलला की काम झालं. तिथे कोरडं असेल तर पावडरचा कप्पा बघा. आमचा चोर तिथेच होता. कप्पा बाहेर ओढून मधला खटका दाबला की तो पूर्ण हातात येतो. मी काढला, तर आत वाळलेल्या लापशीसारखा पावडरचा थर! टँकरचं जड पाणी आणि घरच्यांचा सढळ हात. वरून पाणी सोडणारी बारीक भोकंसुद्धा बुजलेली. पाण्याला आत जायला वाट नाही, म्हणून ते कप्प्याच्या तोंडातून पुढच्या पत्र्यावरून खाली उतरत होतं. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, खर्च शून्य. शिवाय बादलीत कपडे भिजवायची पावडर या मशीनला घालू नका. तिचा फेस आवरत नाही, वाट मिळेल तिथून बाहेर येतो.

भरताना कोरडं, पण कपडे घुसळले जाताना ठिपका आला, तर मग रबराकडे वळा. दार उघडून रबराची खालची घडी बोटांनी उलटा. आमच्या घडीत काय निघालं सांगू? एक रुपयाचं नाणं, साडीची पिन आणि कुठल्याशा लग्नातल्या अक्षता, पिवळ्याच्या पांढऱ्या झालेल्या. पिनेसारखी टोकदार वस्तू रबराला चीर पाडते. चीर दिसली तर रबर बदलावंच लागतं. जुनं काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. पाणी निचरायची छोटी भोकं खालीच यायला हवीत, आणि रबरावरची खूण टबावरच्या खुणेशी जुळायला हवी. कडेला भांड्याच्या साबणाचं बोट फिरवलं तर ते सहज बसतं. चीर नसेल तर रबर आणि काचेची कड दोन्ही पुसा. केसांची एखादी गुंतवळ मध्ये अडकली तरी थेंब पडतो.

पाणी बाहेर टाकताना गळत असेल, तर खाली कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडा. आत पंपाचा फिल्टर असतो. फिरवण्याआधी खाली ताट आणि फडकं ठेवा, कारण लीटर-दोन लीटर पाणी येतंच. गरम पाण्याची धुलाई नुकतीच झाली असेल तर थांबा, हात भाजेल. फिल्टरच्या आट्यांत दोरे अडकले की तो तिरका बसतो आणि गळतो. साफ करा, सरळ बसवा, हातानेच घट्ट करा. पक्कड लावू नका, आटे मोडतात.

आणि बंद मशीनच्या ड्रममध्येही पाणी चढत असेल, तर आत पाणी सोडणारा व्हॉल्व नीट मिटत नाही. तो दुरुस्त होईपर्यंत नळ बंद ठेवा.

हे सगळं करताना प्लग काढलेला हवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी आणि वीज एका डब्यात आहेत, तिथे धाडस नको. फक्त निरीक्षणापुरतं मशीन चालू, आणि तेव्हा आत हात घालायचा नाही.

एका दुखण्याला मात्र मी हात लावत नाही. कपडे पिळताना घरघर वाढली आणि मागच्या बाजूला तांबूस ओघळ दिसले, तर ड्रमच्या दांड्याचं सील आणि बेअरिंग गेलं समजा. त्यासाठी सगळा टब बाहेर काढावा लागतो. तिथे मेकॅनिकलाच बोलवा. फक्त तो आल्यावर, पाणी कोणत्या वेळी गळतं, हे आधी सांगा. बघा, बोलण्याचा सूर बदलतो.

आमचं ते काढलेलं जुनं रबर माळ्यावर आहे. दोनदा पाण्यात बुडवून तपासलंय. एकही चीर नाही.

नमस्कार.