जमीन, खटला आणि सरन्यायाधीशाची खुर्ची
(वाशी येथे एका निवृत्त न्यायाधीशांनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं १९७० साली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं आहे, हे वाशीकरांना मी सांगायला नको. इथल्या आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं संपादनात जात होती, त्याच काळात दिल्लीत मालमत्तेच्या हक्कावरून सरकार आणि सर्वोच्च न्यायालयाची जुंपली होती. त्या भांडणात ही गावं कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. तिथे विषय होते बँकांचे, संस्थानिकांच्या तनख्यांचे, केरळातल्या एका मठाच्या जमिनीचे.

त्या मठाधिपतींचा, केशवानंद भारतींचा खटला २४ एप्रिल १९७३ ला निकाली निघाला. सात विरुद्ध सहा. घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेनंही हात लावायचा नाही, असं ठरलं. लगोलग शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून अजितनाथ रे सरन्यायाधीश झाले. तिघं बहुमतात होते, रे अल्पमतात. तिघांनीही राजीनामे दिले. कॉलेजियमचा, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नव्या न्यायाधीशांची नावं ठरवायच्या पद्धतीचा, बंद दाराआडचा कारभार मला स्वतःला पसंत नाही. पण नेमणुकांची दोरी सरकारच्या हाती द्यायला न्यायाधीश इतके का बिचकतात, ते या एका प्रकरणावरून कळतं.

ज्यांच्या मतानं पारडं फिरलं ते न्यायमूर्ती खन्ना. मालमत्तेचा हक्क मात्र त्या चौकटीत येत नाही, असं त्यांचंच म्हणणं होतं. पुढे १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं तो मूलभूत हक्कांतून गेला आणि कलम ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला. रोख बड्या जमीनदारांवर होता म्हणे. बड्यांकडे वकील होते हो! दोन एकरवाल्याकडे काय होतं? १८९४ चा भूसंपादन कायदा. त्यात कलम ५-अ खाली हरकतीवर सुनावणी होती, पण ‘तातडी’चं कलम लावलं की तीही टाळता येई.

जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, संपादित जमिनींसाठीच्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती त्या लढ्यामुळे. कोर्टाच्या पायरीवर जे मिळायला हवं होतं ते लोकांनी रस्त्यावर मिळवलं, आणि हे आम्हा न्यायाधीशांना भूषणावह नाही.

मे २०२४ मध्ये, कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं उशिरा का होईना, स्पष्ट केलं: नुसती भरपाई देऊन भागत नाही. आधी नोटीस हवी, म्हणणं ऐकून घ्यायला हवं, निर्णयाची कारणं द्यायला हवीत, आणि हे सगळं ३००-अ मध्येच आहे.

म्हणून नव्या प्रकल्पांच्या रेषा ज्यांच्या सातबाऱ्यावरून जाताहेत त्यांना सांगतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली प्राथमिक अधिसूचना निघाली, की हरकतीला साठ दिवस असतात. पुढाऱ्याच्या भरवशावर बसू नका. हरकत लेखी द्या, सुनावणी मागा, आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.