कुंद्याचा डबा उघडतो कोण?

नमस्कार मंडळी! हा बघा कुंद्याचा डबा, आमच्या बेळगावची दुधाची मिठाई. बेळगावात कुंदा विकायला मार्केट रिसर्च कशाला, असं माझ्या मावसभावालाही वाटायचं. बेळगावातल्याच शहापुरात त्याचं छोटं दुकान. दुसरं दुकान टाकायचं आणि चॉकलेट कुंदा काढायचा, असं त्याच्या मनात आलं. येईल त्याच्या हातावर चमचाभर ठेवायचा नि विचारायचा, "कसा वाटला?" आता फुकटच्या कुंद्याला वाईट कोण म्हणेल हो? सगळे "एक नंबर" म्हणून गेले. माल केला, तो पडून राहिला.

मोठेही इथंच घसरलेत. १९८५ साली अमेरिकेत कोका-कोलानं सुमारे २ लाख लोकांना घोट पाजून नवी चव आणली. घोट आवडला होता, खोटं नाही. पण जुनी चव बंद केली तर लोकांना काय वाटेल, याला कंपनीनं हवं तेवढं वजन दिलं नाही. ७९ दिवसांत जुना कोक परत आणावा लागला.

मग आम्ही वही घेतली. त्याआधी भावाला एकच विचारलं, "काय उत्तर आलं तर तू दुसरं दुकान टाकणार नाहीस?" याचं उत्तर नसेल तर सर्वे करूच नका, वेळ वाया.

चार दिवस काउंटरशेजारी बसलो. रविवार मुद्दाम धरला, गोव्याच्या गाड्या येतात म्हणून. "आवडेल का?" हा शब्दच काढायचा नाही. मागच्या वेळी किती नेलात, कुणासाठी नेलात, एवढंच. गिऱ्हाईक कन्नड बोललं तर प्रश्नही कन्नडमध्ये. नाहीतर गोकाक-बैलहोंगलकडचं गिऱ्हाईक वहीत आलंच नसतं.

वही वाचली आणि चक्रावलो. घरी खायला नेणारे थोडेच. कुणी पुण्याच्या लेकीला, कुणी मुंबईच्या साहेबांना, कुणी पणजीच्या विहीणबाईंना. घेणारा एक, डबा उघडणारा दुसराच! म्हणून तर सगळे विचारत होते, "किती दिवस टिकतो? प्रवासात तूप बाहेर येणार नाही ना?" नव्या चवीचं नाव कुणी काढलं नाही.

बेत तिथंच फिरला. दुसऱ्या गाळ्याचं डिपॉझिट थांबवलं. तो पैसा घट्ट झाकणाच्या पाव किलोच्या डब्यांत घातला, वर तारीख आणि किती दिवस टिकेल ते मराठी-कन्नड दोन्हीत.

चॉकलेट कुंदा? तो आम्ही घरच्यांनीच आठवडाभर चहाबरोबर संपवला.