साईट बंद म्हणजे नेमके काय बंद?

(माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: जिनिंगच्या आवारातला वजनकाटा. कापसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो आहे. खिडकीआड संगणक.]

दिवाळी उलटली की हिंगणघाट तालुक्यातल्या जिनिंगच्या फाटकांपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भरलेल्या गाडीचे वजन होते, ओलावा मोजला जातो, कापूस खाली झाला की रिकाम्या गाडीचे वजन पुन्हा घेतले जाते. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भावात वजावट सुरू होते आणि 12 टक्क्यांच्या वर गेला तर कापूस स्वीकारलाच जात नाही. त्यामुळे या दोन-तीन आकड्यांवर कास्तकाराचा वर्षभराचा हिशेब टेकलेला असतो. इथल्या शेतकरी उत्पादक कंपनीने हे आकडे पोर्टलवर ठेवले आहेत. कास्तकार मोबाईलवर आपली पावती पाहतो, आणि पावती दिसली नाही की थेट खिडकीशी येऊन म्हणतो, “साईट चालूनच नाही रायली ना भाऊ!”

खिडकीत बसलेल्या ऑपरेटर ताईंना मात्र ठाऊक असते की अशा वेळी बहुधा साईट चालूच असते. पोर्टलचा अनुप्रयोग एका यंत्रावर असतो आणि नोंदींचा डेटाबेस दुसऱ्या. तुटलेली असते ती या दोघांमधली जोडणी.

ही दोन यंत्रे वेगळी ठेवण्याचे कारण साधे आहे. लाइफरेसारख्या पोर्टल उभारण्याच्या तयार प्रणालीसोबत हायपरसॉनिक नावाचा एक छोटा डेटाबेस आयताच येतो, परंतु तो फक्त चाचणीसाठी आहे, प्रत्यक्ष कामासाठी नाही, हे त्याच्या मार्गदर्शिकेतच स्पष्ट केलेले असते. चाचणी संपली तरी तोच पुढे चालवण्याचा मोह होतो, कारण चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार? पण पावत्यांचे पोर्टल, हिशेबाची प्रणाली आणि कास्तकारांना एसएमएस पाठवणारा प्रोग्राम या तिघांना एकच नोंदवही वाचायची असेल, आणि पोर्टलची आवृत्ती बदलताना त्या नोंदवहीला धक्काही लागू द्यायचा नसेल, तर डेटाबेस बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. या कंपनीने त्यासाठी मायएसक्यूएल हा डेटाबेस निवडला आहे.

[दृश्य: पडद्यावर उघडलेली सेटिंगची फाइल. पासवर्डची ओळ झाकलेली.]

जोडणीची सगळी माहिती या चार-पाच ओळींत मावते. पहिल्या ओळीत ड्रायव्हरचे नाव आहे, म्हणजे जावा या संगणकीय भाषेत लिहिलेल्या पोर्टलला मायएसक्यूएलशी बोलता यावे यासाठीचा प्रोग्राम. दुसरी ओळ ‘जेडीबीसी’ या अक्षरांनी सुरू होते. तिच्यात डेटाबेसचा प्रकार, यंत्राचा पत्ता, पोर्ट म्हणजे त्या यंत्रात शिरण्याच्या दाराचा क्रमांक आणि डेटाबेसचे नाव असे ओळीने येते. मायएसक्यूएलचा ठरलेला पोर्ट 3306 आहे, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा 5432. त्यानंतर वापरकर्ता आणि पासवर्ड. हीच माहिती पोर्टलच्या फाइलऐवजी टॉमकॅट या सर्व्हरकडे नोंदवून पोर्टलला फक्त तिचे नाव सांगण्याचीही पद्धत आहे. एकाच सर्व्हरवर दोन-तीन अनुप्रयोग असतील तर ती पद्धत अधिक बरी, कारण पत्ता बदलला तर एकाच जागी बदलावा लागतो.

ओळी अचूक लिहिल्या तरी जोडणी लागेलच असे नाही, आणि इथेच बहुतेकांचा दिवस जातो. तो जाण्याचे काहीच कारण नाही, कारण लॉगमध्ये, म्हणजे पोर्टलच्या घडामोडींच्या नोंदवहीत, आलेला संदेश नीट वाचला तर गाडी कोणत्या टप्प्यावर अडली ते कळते. जोडणी ताबडतोब नाकारली गेली असेल, तर सहसा यंत्रापर्यंत पोहोचता आले आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. मायएसक्यूएल बंद आहे किंवा ते केवळ स्वतःच्या यंत्रापुरतेच ऐकत आहे. उबंटू या संगणक प्रणालीवर बसवलेले मायएसक्यूएल सुरुवातीला नेमके असेच असते, आणि कोणत्या पत्त्यावर ऐकायचे ते सांगणारी त्याची बाइंड-ॲड्रेस ही ओळ बदलावी लागते. नकारही न येता नुसतीच वाट पाहावी लागून शेवटी मुदत संपत असेल, तर पत्ता चुकलेला आहे किंवा मधल्या फायरवॉलने, म्हणजे जाळ्यावरच्या पहारेकऱ्याने, निरोप गिळला आहे, हा संशय आधी घ्यावा.

1130 क्रमांकाची त्रुटी आली तर दार उघडे आहे, पण तुमच्या यंत्राला आत येण्याची मुभा नाही. मायएसक्यूएलमध्ये वापरकर्त्याची ओळख केवळ नावाने होत नाही, तो कोणत्या यंत्रावरून येतो हेही त्या ओळखीचा भाग असते. 1045 आली तर मात्र नाव, पासवर्ड आणि यंत्र यांचा मेळ बसलेला नाही, आणि पासवर्डच्या शेवटी नकळत चिकटलेली रिकामी जागा पहिल्यांदा तपासावी. या चार प्रकारांत फरक न करता सगळे काही बंद-चालू करून पाहण्याची जी सवय आपल्याकडे सर्रास दिसते, तिने कधीकधी काम होते, पण अडले कुठे होते ते कायमचे अंधारात राहते.

[दृश्य: दुपारची गर्दी. एकामागून एक गाड्या काट्यावर.]

नवी जोडणी उभारायला वेळ लागतो, म्हणून पोर्टल प्रत्येक पावतीसाठी ती नव्याने उभारत नाही. काही जोडण्या उघडून ठेवलेल्या असतात, मागणी आली की त्यांतली एक दिली जाते आणि काम झाले की परत घेतली जाते. या साठ्याला कनेक्शन पूल म्हणतात. हिकारी-सीपी या प्रचलित पूलमध्ये मुळात 10 जोडण्यांची मर्यादा असते. दहा हा आकडा ऐकून व्यवस्थापकांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण कास्तकार तर हजारोंनी आहेत. पण काटा एकच असला तरी गाडी लवकर उतरत असेल तर रांग पुढे सरकत राहते, तसेच हे आहे. एक पावती शोधायला 50 मिलिसेकंद लागत असतील, तर 10 जोडण्या सेकंदाला 200 पावत्या देऊ शकतात. अडचण येते ती कोणी भर दुपारी संपूर्ण हंगामाचा अहवाल मागितला म्हणजे. असे दहा अहवाल एकाच वेळी सुरू झाले की सगळ्या जोडण्या अडकतात, अकराव्या मागणीला 30 सेकंद ताटकळून त्रुटी मिळते, आणि खिडकीशी पुन्हा तेच ऐकू येते. त्यावर मर्यादा 10 वरून 100 करणे हा उपाय नव्हे. मायएसक्यूएल स्वतःच मुळात 151 जोडण्यांपुरते बांधलेले असते आणि त्यांत इतर प्रोग्रामचाही वाटा असतो. अहवाल रात्री काढावेत किंवा त्यांच्यासाठी निराळा छोटा पूल ठेवावा.

आणखी एक दुखणे फक्त सकाळी दिसते. आठ तास काहीही न विचारलेली जोडणी मायएसक्यूएल आपणहून तोडते. ती मुदत 28,800 सेकंदांची ठेवलेली असते. संध्याकाळी सातला काटा बंद होऊन सकाळी नऊला उघडला, तर मधे चौदा तास जातात. पूलमध्ये जोडणी देण्यापूर्वी तपासून पाहण्याची सोय बंद असेल, तर सकाळी पहिल्या कास्तकाराला मेलेली जोडणी मिळते. दुसऱ्यांदा प्रयत्न केला की पावती दिसते, म्हणून कोणी तक्रार करत नाही आणि दोष वर्षानुवर्षे तसाच राहतो. तपासणी चालू ठेवणे आणि जोडणीचे कमाल आयुष्य त्या मुदतीपेक्षा कमी ठेवणे, एवढ्याने तो जातो. हिकारी-सीपीमध्ये हे आयुष्य मुळातच 30 मिनिटांचे असते.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटत असतील तर अक्षरसंच, म्हणजे डेटाबेस अक्षरे साठवतो ती पद्धत, तपासावा. 2018 मध्ये आलेल्या मायएसक्यूएल 8.0 पासून देवनागरी सहज सामावणारा संच आपोआप लागतो, पण जुन्या तक्त्यांना तो जाणीवपूर्वक लावावा लागतो.

[दृश्य: कार्यालयातले कपाट, त्यावर ‘हंगाम’ असे लिहिलेल्या फायली.]

पोर्टलला डेटाबेसचे सर्वाधिकार देऊन टाकणे सोपे असते, म्हणूनच ते जागोजागी दिलेले आढळतात. पावत्या वाचणे, नवी नोंद करणे आणि दुरुस्ती करणे एवढेच पोर्टलचे काम असेल, तर तक्ता पुसून टाकण्याचा अधिकार त्याच्याकडे कशाला हवा? या नोंदींमध्ये कास्तकारांचे बँक खाते क्रमांक आहेत, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 मध्ये अशा माहितीची जबाबदारी ती बाळगणाऱ्यावर टाकलेली आहे. म्हणून 3306 हा पोर्ट साऱ्या इंटरनेटला उघडा ठेवू नये, तो फक्त पोर्टलच्या यंत्रासाठी उघडावा, आणि दोन यंत्रांमधला संवाद सांकेतिक करून घ्यावा.

पासवर्ड दर हंगामाआधी बदलला जातो, आणि त्यासाठी खरेदी थांबवावी लागत नाही. मायएसक्यूएल 8.0.14 पासून एका वापरकर्त्याला जुना आणि नवा असे दोन्ही पासवर्ड काही काळ एकत्र चालतात. ऑपरेटर ताई आधी डेटाबेसमध्ये नवा पासवर्ड जुन्यासोबत लावतात, मग पावत्यांचे पोर्टल, हिशेबाची प्रणाली आणि एसएमएसचा प्रोग्राम यांच्या फाइलींमध्ये तो एकेक करून भरतात, तिघेही नव्या पासवर्डने जोडले गेल्याची लॉगमध्ये खात्री करतात, आणि त्यानंतरच जुना रद्द करतात.