मुलगा हात उचलतो तेव्हा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, "हिंसक चित्रपट आणि गेम यांमुळे मुलं हिंसक होतात का?" मी गेली कित्येक वर्षं शाळांमधून समुपदेशनाचं काम करते. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तर "हो" असंच हवं असतं. "हो" म्हटलं की सुटकेचा नि:श्वास ऐकू येतो. फोन काढून घ्यायचा, विषय संपला. त्या नि:श्वासाबद्दल मला आज बोलायचंय. संशोधन मी सांगणारच आहे, तसं कबूल केलंय, पण आधी एक गोष्ट सांगते.

त्याच्याही आधी जरा हात वर करा. लहानपणी मारामारीचे सिनेमे आवडीने पाहिलेले किती जण आहेत इथे? बघा, जवळजवळ सगळेच. आणि नायकाने खलनायकाला लोळवल्यावर ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते? तेवढेच हात. एवढे मारामारीबाज लोक एका खोलीत असून पहिल्या रांगेतल्या आजोबांनी शेजारणीला आपली खुर्ची दिली. हा पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. फक्त बोलायला लागण्याआधी आपण सगळे एकाच बाजूला आहोत, एवढं लक्षात असू द्या.

आता गोष्ट. शाळेचं नाव सांगणार नाही, मुलाचंही नाही. मुलगा आठवीतला, चौदा वर्षांचा, अंगाने किरकोळ. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याने स्टीलची पाण्याची बाटली उचलली आणि मागच्या बाकावरच्या मुलाच्या कपाळावर हाणली. चार टाके पडले. तासाभरात मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही सात मोठी माणसं जमलो. त्या तासाभरातच कारण ठरलंही होतं. वर्गशिक्षिकेने त्याची वही आणली होती, मागच्या पानांवर बंदुका काढलेल्या. निळ्या पेनाने, फार निगुतीने, दुर्बीण लावलेल्या बंदुका. कोणीतरी म्हणालं, "हा रोज रात्री तो गोळीबाराचा गेम खेळतो, वर्गात सगळ्यांना माहितीये." झालं. वही एका हातातून दुसऱ्या हातात गेली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग वडील आले. त्यांना वही दाखवली, टाके सांगितले. त्यांनी मुलाच्या खिशातून फोन काढला, टेबलावर आपटला आणि आमच्या सगळ्यांसमोर पोराच्या कानाखाली वाजवली. जोरात. मुलगा भेलकांडला, कपाटाला धरून उभा राहिला. त्याने गालाला हातही लावला नाही.

मंडळी, आम्ही तिथे कशासाठी जमलो होतो? या मुलाच्या अंगात हिंसा कुठून आली, हे ठरवायला. आणि आमच्या डोळ्यांदेखत ती आली. सातांपैकी कोणी "अहो, काय करताय!" म्हणालं नाही. मीही नाही. एक शिक्षक तर हळूच म्हणाले, "आता येईल ताळ्यावर." बंदुकांची चित्रं आम्हाला पुरावा वाटली आणि ती थप्पड उपाय वाटली. इतकी वर्षं झाली, तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

त्या दिवशी मी अहवालात काय लिहिलं? "मोबाईल गेमचे व्यसन, त्यातून आक्रमक वर्तन." दोन ओळी. मुलाला मी एक प्रश्नही विचारला नव्हता.

आठवडाभराने मला राहवलं नाही. त्याला बोलावलं, माझा फोन पुढे केला आणि म्हटलं, "मला शिकव तुझा गेम." तो आधी संशयाने बघत राहिला, मग शिकवायला लागला. मी भिंतीला धडका देत होते, तो म्हणत होता, "मॅडम, उजव्या अंगठ्याने नुसतं बघायचं, डाव्याने चालायचं." दहा मिनिटांत मी चार वेळा मेले. पाचव्यांदा मेल्यावर मी विचारलं, "अरे, मला मारलं कोणी?" तो म्हणाला, "वर कोपऱ्यात बघा ना. कोणी मारलं ते लिहून येतं." थोडा वेळ गप्प बसला. मग फोनकडे बघतच म्हणाला, "वर्गात नाही येत लिहून."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पाच महिने मागच्या बाकावरून त्याच्या डोक्यात टपल्या पडत होत्या. तास चालू असताना, फळ्याकडे बघताना, डबा खाताना. वळून बघावं तर तिघं-चौघं वहीत मान घालून बसलेले. एकदा बाईंना सांगितलं, तर "कोणी मारलं ते नीट सांग" असं उत्तर मिळालं. तेच तर त्याला माहीत नव्हतं! ज्याच्या कपाळाला चार टाके पडले, त्याने कधी टपली मारली होती की नाही, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी टपली बसली, तो वळला, जो समोर दिसला त्याला बाटली बसली. आणि घरी? घरी काय चालत असेल ते त्या खोलीत आम्ही पाहिलंच होतं.

ही गोष्ट लांबली, मला कळतंय. पण संशोधनाकडे आपण हिच्या डोळ्यांनी बघावं असं मला मनापासून वाटतं.

या विषयातला सगळ्यांत गाजलेला प्रयोग १९६१ सालचा, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी केलेला. विद्यापीठाच्या बालवाडीतली ७२ मुलं घेतली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने एका बाहुल्याला झोडपलं. बाहुला हवा भरलेला, बुडाशी वजन, पाडला की परत उभा राहणारा. लाकडी हातोडीने मारलं, लाथ घातली, वर उडवला. मग मुलांना छान छान खेळणी दाखवून ती काढून घेतली, म्हणजे मुलं हिरमुसली पाहिजेत, आणि बाहुला असलेल्या खोलीत सोडलं. ज्यांनी ती मारहाण पाहिली होती, त्यांनी बाहुल्याला अगदी तस्संच बडवलं. तेच शब्द, तीच हातोडी. १९६३ साली हेच पडद्यावर दाखवून केलं, मुलांनी तेव्हाही नक्कल केली.

माझा या प्रयोगावर राग नाही. उलट फार मोलाचा प्रयोग आहे. मूल बघून शिकतं, त्याला बक्षीस लागत नाही की शिक्षा लागत नाही, हे त्याने दाखवून दिलं. पण लोक त्यातून काय उचलतात? "पडद्यावर पाहिलं की मूल मारतं." अहो, तो बाहुला मारण्यासाठीच बनवलेला! मार खाऊन परत उभा राहतो, हाच तर त्याचा खेळ. चार वर्षांच्या मुलाने त्याला गुद्दा घातला, म्हणजे शेजारच्या मुलाला घालेल असं होत नाही. आणि १९६१ च्या प्रयोगात मुलांनी नक्कल केली ती पडद्याची नव्हे. खोलीतल्या जिवंत, मोठ्या माणसाची केली. हे का कोणी ठळक अक्षरांत छापत नाही?

इथे शब्दांबद्दल एक सांगते. आपल्याकडे वसकन अंगावर येणं, चिडचिड, ढकलणं, टपली, गुद्दा, मारहाण, जीव घेणं हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत, आणि आपल्याला त्यांतला फरक पक्का कळतो. संशोधनात यातलं बरंचसं एका "आक्रमकते"त जातं. ती मोजतात कशी ते ऐका. प्रयोगात कोणाला जिवंत माणसाला मारू तर देता येत नाही. मग गेम खेळून झाल्यावर सांगतात, प्रतिस्पर्ध्याच्या कानात कर्कश आवाज सोड, किती मोठा आणि किती वेळ ते तू ठरव. किंवा, अमुक माणसाला तिखट आवडत नाही, त्याच्यासाठी तिखट सॉस वाढ. जास्त वाढला की जास्त आक्रमक. २०११ साली आदाची आणि विलोबी या दोघांनी याच सॉसच्या मापाने पाहिलं, तर सॉस वाढण्यात फरक पडला तो गेममधल्या चुरशीने, रक्तपाताने नव्हे. बुद्धिबळात हरलेल्या मुलाच्या हातात सॉसची बाटली कोणी देत नाही, एवढंच.

आणि ही भीती काही आजची नाही. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी पुस्तक लिहून सांगितलं, चित्रकथांमुळे मुलं गुन्हेगार होताहेत. सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. घाबरून चित्रकथांच्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर नियमावली लादून घेतली. पुढे वर्थम यांची कागदपत्रं अभ्यासकांना खुली झाली. २०१२ साली कॅरोल टिली या अभ्यासिकेने दाखवलं की वर्थम यांनी मुलांच्या मुलाखतींत फेरफार केले होते. अनेकांची वाक्यं एकाच्या तोंडी घातली, गैरसोयीचे तपशील गाळले. हा माणूस गरीब मुलांसाठी खरंच कळकळीने काम करणारा होता, म्हणून मला जास्त वाईट वाटतं. मुलं त्याच्याशी बोलत होती, आयुष्याबद्दल सांगत होती, आणि त्याला त्यातून चित्रकथाच ऐकू येत होत्या. माझ्या त्या दोन ओळींच्या अहवालात वेगळं काय होतं?

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. आता जे कबूल केलं होतं ते भराभर सांगते.

परिणाम मुळीच नाही, असं नाही. २०१८ साली प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ मुलांचा पाठपुरावा केलेले २४ अभ्यास एकत्र केले, १७,००० हून जास्त मुलं. हिंसक गेम आणि नंतरची शारीरिक आक्रमकता यांत दुवा सापडला, पण लहानसा. उलट २०१९ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४-१५ वर्षांची १,००४ ब्रिटिश मुलं घेतली. वागणुकीबद्दल मुलांऐवजी पालकांना विचारलं, गेम किती हिंसक ते अधिकृत वर्गीकरणावरून ठरवलं, आणि विश्लेषण कसं करणार ते आधीच नोंदवून ठेवलं, म्हणजे आकडे बघून मागाहून पद्धत बदलता येऊ नये. त्यांना दुवा सापडला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० साली हिंसक गेमविषयीच्या आपल्या ठरावात दुरुस्ती केली: ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकतेशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं कारण गेम आहेत असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. अमेरिकेत हिंसक गुन्ह्यांसाठी अल्पवयीनांना होणारी अटक १९९४ च्या सुमारास सर्वाधिक होती, मग ती निम्म्याहून खाली आली, आणि नेमकी तीच वर्षं गेम घरोघरी पोचण्याची. यावरून गेममुळे हिंसा कमी झाली असं कोणी म्हणू नये, पण वाढली असं तर कसं म्हणणार?

चित्रपटांचं. डाल आणि डेलाविन्या या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ साली पाहिलं की हिंसक चित्रपटांना गर्दी होते त्या सुट्टीच्या दिवसांत संध्याकाळी मारहाणीचे गुन्हे कमी होतात. कारण साधं आहे. भांडखोर तरुण तेवढा वेळ अंधारात खुर्चीवर बसलेला असतो, बाहेर दारू पीत नसतो.

आता घराकडे. १९८९ साली कॅथी विडम यांनी लहानपणी छळ किंवा हेळसांड झालेल्या ९०८ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या १०० पैकी २६ जणांवर अल्पवयातच गुन्ह्याची नोंद होती, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत १७. म्हणजे मार खाल्लेलं प्रत्येक मूल गुन्हेगार होत नाही, बहुतेक होतच नाहीत, हेही तितकंच महत्त्वाचं. पण फरक आहे, आणि तो कानात सोडलेल्या आवाजाने मोजलेला नाही.

लहान मुलांबद्दल मात्र मी कडक आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला रक्तपात दाखवू नका. ते मारेल म्हणून नव्हे, ते घाबरतं म्हणून. रात्री दिवा मालवू देत नाही, एकटं न्हाणीघरात जात नाही. शिवाय १९७४ साली ड्रॅबमन आणि थॉमस यांच्या प्रयोगात मारधाडीची फिल्म पाहिलेल्या मुलांनी, धाकटी मुलं भांडताना दिसली तरी मोठ्यांना बोलवायला जास्त वेळ लावला. हे मला काळजीचं वाटतं. वयाचं वर्गीकरण वाचा, आणि मुलाशेजारी बसून एकदा तो गेम खेळा. मराल चार वेळा, काही बिघडत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. नाही, ही वेळेची नाही, कोणीतरी विचारलंय, "त्या मुलाचं पुढे काय झालं?" सांगते. अहवाल मी परत लिहून दिला. "व्यसन" खोडलं, टपल्या लिहिल्या, आणि त्या खोलीत पडलेली थप्पडही लिहिली. मुख्याध्यापकांनी तो वाचला आणि काही न बोलता फाईलला लावला. वर्गशिक्षिकेने मात्र त्याचा बाक शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लागेल असा हलवला. त्यानंतर त्या वर्षात त्याने कोणावर हात उचलला नाही. टाके पडलेल्या मुलाला तो आपण होऊन भेटला, काय बोलला ते दोघांनीही सांगितलं नाही. वडिलांना मी दोनदा बोलावलं, एकदा आले. फोन त्यांनी परत दिला नाही.