रेप्लिकाचा उशीर खरा किती?

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावच्या दूध संस्थांत दिवसातून दोनदा संकलन होतं. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक). सकाळी नोंदींचा लोंढा येतो, दुपारी शांतता, संध्याकाळी पुन्हा गर्दी. आमच्या टेस्ट क्लस्टरवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हर-गटावर, लोड त्याच चालीने सोडलाय. मायएसक्यूएल ८.० डेटाबेस, एक सोर्स (मूळ सर्व्हर), दोन रेप्लिका (त्याच्या बदलांची नक्कल ठेवणारे सर्व्हर). आज परीक्षा आहे मॉनिटरिंगची.

आधी सेटिंग. परफॉर्मन्स स्कीमा म्हणजे सर्व्हरच्या आतल्या कामाचे आकडे ठेवणारा मायएसक्यूएलचा भाग. त्याच्या सेटिंगमधले बदल रेप्लिकांकडे जात नाहीत. सोर्सवर म्यूटेक्सची (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपांची) मोजणी सुरू केली, तरी रेप्लिकांवर ती बंदच राहते. रीस्टार्टनंतर तर सोर्सवरूनही जाते. काही म्यूटेक्स चालू सर्व्हरवर बदलून उपयोगच होत नाही. म्हणून ही सेटिंग तिन्ही सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमध्येच लिहायची. मग नावाच्या शेवटी ‘लॉस्ट’ असलेले स्टेटस आकडे बघायचे. त्यातला एखादा शून्याच्या वर गेला असेल, तर मोजणीला दिलेली मेमरी कमी पडली आहे. पुढचे आकडे मग विश्वासाचे नाहीत.

आता परफॉर्मन्स स्कीमातली सारांश टेबलं रिकामी करून बरोबर १०,००० इन्सर्ट सोडायचे, एकेका ओळीचे. सोर्सवर त्या क्वेरीसमोर १०,००० आलेच पाहिजेत. रो-बेस्ड रेप्लिकेशनमध्ये रेप्लिकाकडे क्वेरी नव्हे, बदललेली ओळ जाते, त्यामुळे तिथे टेबल आयओच्या (टेबलवरच्या वाचन-लेखनाच्या) सारांशातला इन्सर्टचा आकडा ताडून बघायचा.

खरी गोम उशिराच्या आकड्यात आहे. सोर्स डिले (रेप्लिकाने मुद्दाम मागे राहायची वेळ) ६० सेकंद ठेवून लोड चालू द्या. आलेखात साठच्या आसपास रेघ दिसायला हवी. मग रेप्लिकाचा एसक्यूएल थ्रेड, म्हणजे आलेले बदल लावणारा थ्रेड, थांबवा. रेप्लिका किती सेकंद मागे आहे ते सांगणारा ‘सेकंड्स बिहाइंड सोर्स’ आता नल दाखवतो, म्हणजे आकडाच नाही. ‘तीसपेक्षा जास्त’ एवढीच अट असलेला अलार्म नलवर वाजत नाही. रेप्लिका बंद, आणि फोन गप्प! नलसाठी वेगळा अलार्म हवाच.

याहून फसवा प्रकार नेटवर्कचा. डिले काढा, थ्रेड सुरू करा आणि लिनक्सच्या टीसी (नेटवर्कचा वेग आवरणाऱ्या) कमांडने सोर्सकडून बाहेर जाणारा वेग इतका आवळा, की बिनलॉग (रेप्लिकांकडे जाणारी बदलांची नोंद) तुंबेल. रेप्लिका हाती आलेलं सगळं लगेच लावून मोकळी होते, आणि उशीर शून्य दिसतो. नोंदी मात्र सोर्सवरच अडकलेल्या असतात. यावर उपाय हार्टबीट टेबलचा: सोर्सवर दर सेकंदाला वेळ लिहायची, रेप्लिकावर ती वाचून आत्ताच्या वेळेतून वजा करायची. त्यासाठी तिन्ही सर्व्हरची घड्याळं क्रोनीने (घड्याळं जुळवणाऱ्या प्रोग्रामने) जुळलेली हवीत, नाहीतर उशीर चुकीचा, अगदी उणेही येऊ शकतो.

चाचणी झाली की टीसीचा नियम काढायचा आणि हार्टबीटचा आकडा खाली येईपर्यंत थांबायचं.