आधी कागद पाठवा
(कोथरूडमधील ज्येष्ठ नागरिक संघात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'वसुलीचे खोटे फोन कसे ओळखावेत'. त्याकडे येतोच. पण माझी सगळी नोकरी सहकारी बँकेच्या वसुली खात्यात गेली, त्यामुळे आधी खऱ्या वसुलीवाल्याबद्दल सांगू द्या. हा अत्यंत कंटाळवाणा प्राणी असतो. काखेत फाइल, फाइलमध्ये मंजुरीपत्र, जामीनदारांच्या सह्या, नोटिशीची स्थळप्रत, रजिस्टरची पोचपावती. जप्तीला गेलो तरी आम्ही चपला दाराबाहेर काढायचो. हसताय काय, खरं सांगतोय! आम्हाला घाई नसायची, कारण कागद आमच्या हातात असायचा. फोनवरच्या भामट्याकडे तोच नसतो, म्हणून त्याला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं ऐका. काका जाऊन वर्ष व्हायचंय. रात्री साडेनऊला फोन. "मिस्टरांनी पर्सनल लोन घेतलं होतं, ८४ हजार थकलेत. आज २२ हजार भरलेत तर सेटलमेंट, नाहीतर सकाळी घरी पोलीस." आता काका कसे होते, तर प्रेशर कुकरसुद्धा हप्त्यानं घेतला नाही त्यांनी. काकू म्हणाल्या, "शाखा कोणती?" "हेड ऑफिस, मुंबई." "जामीनदार कोण?" तो गडबडला. म्हणाला, "तुम्हीच." "मग माझी सही कुठल्या तारखेला घेतलीत?" इथं साहेबांचा आवाज चढला. कोर्ट, वॉरंट, पेपरात फोटो, सगळं झालं. काकूंनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाल्या, "आधी कागद पाठवा. पत्ता असेलच तुमच्याकडे, सकाळी पोलीस पाठवताय ना?"

फोन बंद!

यात शिकण्यासारखं काय, तर काकूंनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, सगळे प्रश्न स्वतःच विचारले. हा माणूस "व्हेरिफिकेशनसाठी" म्हणून आपली जन्मतारीख, पॅन, आधार विचारतो आणि आपण शाळेत हजेरी दिल्यासारखे सांगत सुटतो. अहो, पैसे त्याचे येणे आहेत ना? मग माहिती त्यानं द्यायची. दुकानदारानं सुट्टे मागितले तर आपण त्याच्याशी दहा मिनिटं वाद घालतो, आणि फोनवर अनोळखी माणसाला 'सर' म्हणतो. हे मला आजवर कळलेलं नाही. एकदा आमच्या शाखेत...

बरं, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. शाखेचं राहू द्या. मूळ विषय पाच मिनिटांत उरकतो.

रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्येच बजावलंय की थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना छळायचं नाही. म्हणजे काकूंना आलेला फोन खऱ्या बँकेचा असता तरी नियमाबाहेरचाच होता. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी कुणी फोनवरून अटक करत नाही. चेक वटला नाही तर गोष्ट वेगळी, तिथं चेक न वटल्याबद्दलचं कलम १३८ लागतं आणि मामला फौजदारी होतो. गेलेल्या माणसाचं कर्ज वारसांकडे येतं ते त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. बायको जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर तिच्या पेन्शनला हात लावता येत नाही.

फोन ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरवर स्वतः बँकेला विचारा. त्यानं दिलेल्या नंबरवर नको. लिंक उघडू नका, सांगेल ते ॲप घेऊ नका. तुमच्या नावावर खरंच काही कर्ज आहे का, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही कंपन्यांनी तो वर्षातून एकदा फुकट द्यायचा असतो. कर्ज खरं निघालं तर लपू नका, शाखेत जा, आणि पैसे भराल ते कर्जखात्यातच. एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नको. बँकेचाच माणूस त्रास देत असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

पैसे गेलेच तर लगेच १९३० फिरवा, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती. मुलगा ऑफिसातून येईपर्यंत थांबू नका. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत गोठवावे लागतात. नुसताच संशयास्पद फोन आला असेल तर दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर 'चक्षू' नावाची तक्रारीची सोय आहे, तिथं नंबर कळवा.

हं, मागच्या रांगेतल्या बाई, विचारा.